शिल्लक तक्रारी: शून्य

४ फेब्रुवारी, मंगळवार

वाचनालयानं प्रदर्शनाला हॉल दिला एकदाचा. तेवीस तारखेपासून आठ दिवस. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काका, जुने फोन बघायला येणार कोण?" म्हटलं, तुमची पुस्तकं वाचायला जे चारजण येतात तेच येतील, आणखी कोण. हसल्या आणि किल्ली दिली. तेव्हा आजपासून ही वही. नोकरीत रोज डायरी भरायचो, निवृत्तीनंतर नऊ वर्षं एक अक्षर लिहिलं नाही. आता काम हातात घेतलंय तर नोंद हवी.

फोनांची पुन्हा मोजदाद केली. एकेचाळीस. सतरा चालू स्थितीत, म्हणजे तार जोडली की घंटा वाजेल असे. भिंतीवरचा दांडा फिरवायचा फोन सगळ्यांत म्हातारा. काळे तबकडीवाले बारा, त्यातल्या एकाचा रिसीव्हर इतका जड की डोक्यात घातला तर माणूस आडवा होईल. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, मला असल्या कल्पना देऊ नका.

फोन काय, पुष्कळांकडे असतात. माझी खरी मिजास कागदांची. टेलिफोन कंपनीच्या डिरेक्टऱ्या, परिपत्रकं, ऑपरेटर मुलींना दिलेली पुस्तिका (नियम तीन: गिऱ्हाईक रागावले तरी आपण हसूनच बोलावे, हसू तारेतून ऐकू जाते). नाहीत ती फक्त तक्रार कार्डं. फोन बंद पडला की गिऱ्हाइकाच्या नावानं एक कार्ड भरलं जायचं आणि दुरुस्ती झाली की त्यावर सही व्हायची. जन्मभर ज्या कार्डांवर सह्या केल्या त्यातलं एकही माझ्याकडे नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

टेस्टरचा फोन आला. हा तीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसून लाइनी तपासायचा, आता स्वतःचे गुडघे तपासून घेत हिंडतो. म्हणाला, जुनं एक्स्चेंज पाडतायत, तळघरातले कागद भंगारात चाललेत. ताटावरून उठून पळालो. भंगारवाला गोण्या गाडीत भरतच होता. म्हटलं, बाबा, यातले कार्डांचे गठ्ठे मला दे. तो म्हणतो, "काका, एवढी प्रेमपत्रं कुणाची?" नऊ गोण्या आणल्या. वरची खोली भरून गेली. शिंकून शिंकून बेजार झालोय, पण इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

बायको वर आली, गोण्यांना वळसा घालून उभी राहिली. मग म्हणाली, "भाऊजींचा फोन आला होता. घशात गाठ निघालीय. तेराला ऑपरेशन आहे. तुमच्याशी दोन मिनिटं बोलायचंय म्हणत होते."

म्हटलं, बरं.

धाकट्या भावाशी मी सव्वीस वर्षं बोललेलो नाही. वहीत खरं लिहायचं तर कारणही लिहायला हवं. आई त्याच्याकडे होती, इथून चाळीस किलोमीटरवर. ती आजारी पडली आणि चार दिवसांत गेली. मला कळलं कधी, तर त्याचा शेजारी संध्याकाळी मोटारसायकलवर सांगायला आला तेव्हा. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. आईचं शेवटचं तोंड मला दिसलं नाही. विचारलं, फोन का नाही केलास? म्हणे, बंद होता. हे तो कुणाला सांगतोय? आसपासच्या चाळीस गावांच्या तक्रारी ज्या केंद्रात यायच्या, त्याचा मी प्रमुख. म्हणे, दूधगाडीवाल्याबरोबर तुझ्या ऑफिसात चिठ्ठी पाठवली होती. माझ्या ऑफिसात आलेला कागद, आणि मला दिसला नाही? परत येऊन रजिस्टर काढलं. त्याच्या नंबरापुढे स्वच्छ लिहिलेलं, दुरुस्त, चाचणी ठीक, तारीख एकोणतीस. आई गेली तीसला. मग पुन्हा गेलो आणि चारचौघांत त्याला खोटारडा म्हटलं. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. एक शब्द बोलला नाही. खरा असता तर भांडला नसता का?

८ फेब्रुवारी, शनिवार

आज पाट्या लिहायला घेतल्या. प्रत्येक वस्तूखाली चार ओळी. ढालीची पाटी लिहायला सगळ्यांत जास्त वेळ गेला. सलग सहा महिने 'शिल्लक तक्रारी शून्य' ठेवल्याबद्दल कंपनीनं दिलेली ढाल. आमच्या केंद्राच्या आधी आणि नंतर कुणाला मिळाली नाही.

आता निवृत्त झालो, इथे लिहायला हरकत नाही. शून्य आणायची युक्ती होती. महिनाअखेरीला वर अहवाल जायचा, किती तक्रारी आल्या, किती उरल्या. तक्रारी काय कधी संपतात? मग एकोणतीस तारखेला दुपारी उरलेली सगळी कार्डं घ्यायची, टेबलावर पत्त्यांसारखी पसरायची, नुसती तळाची ओळ दिसेल अशी, आणि सगळ्यांवर 'चाचणी ठीक' लिहून सही ठोकायची. गठ्ठा बांधायचा. एक तारखेला त्याच तक्रारी नव्या नंबरानं पुन्हा उघडायच्या. गिऱ्हाइकाला दोन-तीन दिवस उशीर, अहवाल स्वच्छ. सगळीकडे हेच चालायचं, मी फक्त नीटनेटकं करायचो. टेस्टर म्हणायचा, साहेब, तुमचा हात यंत्राला लाजवेल.

पाटीवर अर्थात हे नाही लिहिलं. पाटीवर लिहिलं, 'अखंड सेवेचा सन्मान'.

९ फेब्रुवारी, रविवार

धाकट्याचा फोन आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांना डिंक होता. बायकोला म्हटलं, नंतर करतो म्हणून सांग. नंतर राहून गेलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

परत त्याचा फोन आला. मी गोणीत डोकं घालून बसलेलो. बायको जिन्यातून म्हणाली, "घरात एकेचाळीस फोन, आणि एक उचलवत नाही."

मी म्हटलं, माफी मागायची असेल तर सव्वीस वर्षं कमी होती का? ऑपरेशनच्या धसक्यानं आठवण झालीय. ती खाली निघून गेली. आज भाजीत मीठ नव्हतं. मीही मागितलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बायकोनं समोर बसवून सांगितलं. नुसती गाठ काढणार नाहीत, बोलायचं यंत्रच काढणार आहेत. गळ्याला भोक पाडून श्वास त्यातून. "म्हणजे गुरुवारनंतर भाऊजींचा आवाज नाही. कळतंय का तुम्हाला मी काय सांगतेय?"

कळतंय की. डॉक्टर लोक आधी घाबरवतातच, मग बरं झालं की त्यांचं कौतुक होतं. टेस्टरच्या गुडघ्याचं असंच सांगितलं होतं. आणि हल्ली यंत्रं काय काय निघालीत. तरी दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. एका डिरेक्टरीत त्याचा नंबर दिसला, पानाच्या मधोमध. पान उलटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी पुन्हा. या वेळी बायको मोबाइल घेऊन थेट वर आली आणि हात लांब करून माझ्यापुढे धरला. पलीकडून खाकरल्याचा आवाज येत होता. काय झालं मला माहीत नाही, एकदम डोकं फिरलं. म्हटलं, "नाहीये घरी म्हणून सांग त्याला." जरा मोठ्यानंच म्हटलं गेलं. बायकोनं हात मागे घेतला. मग फोन कानाला लावून म्हणाली, "भाऊजी..." आणि खोलीबाहेर गेली.

त्याला ऐकू गेलं असणार. जाऊ दे. गेलं तर गेलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पितळी घंट्या घासल्या. नऊ झाल्या. दुपारी भावजयीचा निरोप आला, ऑपरेशन नीट पार पडलं. बघा, उगाच घाबरवतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

बायको दवाखान्यात जाऊन आली. मी विचारलं, कसा आहे? म्हणाली, पाटीवर लिहून बोलतात. म्हटलं, मग झालं की, बोलणं होतंय म्हणजे काम भागलं. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"एक विचारू? त्यांच्या तक्रारीचं कार्ड तुम्ही तेव्हा बघितलं होतंत का?"

"रजिस्टर बघितलं होतं."

"कार्ड?"

"रजिस्टर कार्डावरूनच भरतात."

"म्हणजे नाही बघितलंत."

छत्तीस वर्षं संसार केलाय, पण ही कधीकधी वकिलासारखी बोलते. आता मीही हट्टाला पेटलोय. नऊ गोण्यांत तो महिना असेल तर उद्या कार्ड काढतो आणि तिच्या हातात ठेवतो. पांढऱ्यावर काळं. म्हणजे हा विषय घरातून कायमचा संपेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं.

सहाव्या गोणीत होतं. गठ्ठ्याची गाठ माझीच, दुहेरी, मी तशीच बांधायचो. त्रेचाळीस कार्डं. त्याचं एकतिसावं. कार्डाच्या मागे गंजलेल्या टाचणीनं चिठ्ठी लावलेली. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात काउंटरवरच्या क्लार्कनं लाल शाईत लिहिलंय, 'प्रमुखांसाठी घरगुती निरोप, ताबडतोब दाखवावे'. आल्याची तारीख अठ्ठावीस.

चिठ्ठी जशीच्या तशी उतरवतोय.

"दादा, आईला परवापासून ताप आहे. आज माणसं ओळखत नाही. रस्ता खोदताना तार तुटली, चार दिवस फोन बंद आहे. घरी मी एकटाच आहे, तिला टाकून निघता येत नाही. ही मिळाली की असशील तसा निघ. ती सारखी तुला हाक मारतेय."

तळाच्या ओळीवर 'चाचणी ठीक'. तारीख एकोणतीस. सही माझी.

त्या दुपारी मी निघालो असतो तर संध्याकाळी पोचलो असतो. आई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. एक रात्र होती माझ्या हातात. आणि रजिस्टर भरलं जायचं ते कार्डांवरून. म्हणजे मी परत येऊन माझीच सही बघितली आणि ती बघून भावाला खोटारडा म्हणून आलो.

खाली गेलो आणि कार्ड बायकोच्या हातात ठेवलं. ठेवणार म्हटलंच होतं. तिनं वाचलं. तिनं खुर्ची ओढून मला बसवलं आणि पाणी दिलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लिहवत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वाचनालयाची किल्ली परत केली, प्रदर्शन रद्द. बाई म्हणाल्या, काका, तब्येत बरी आहे ना? म्हटलं, बरी आहे. येताना दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. पाय आत जाईना. सव्वीस वर्षं मी ताठ मानेनं हिंडलो, सगळ्यांना सांगत, की माझा भाऊ असा आणि माझा भाऊ तसा. आता कुठल्या तोंडानं जाऊ? बायको म्हणाली, "आहे त्याच तोंडानं जा. दुसरं कुठून आणणार?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. जे झालं ते सगळं लिहितो.

भावजय खोलीच्या दारात भेटली. केस पिकलेत तिचे. म्हणाली, "आता आलात दादा?" मी मान खाली घातली. "आठवडाभर फोन हातात घेऊन बसायचे. मी म्हणायचे, उचलत नाहीत तर सोडा नाद. तर म्हणायचे, दादा कामात असेल. आवाज होता तोवर आला असतात तर काय बिघडलं असतं तुमचं?" ती बाजूला झाली.

धाकटा पलंगावर उशांना टेकून बसला होता. केवढासा झालाय. नाकात नळी, गळ्याला पट्टी, पट्टीच्या मधून श्वासाची घरघर. मला बघून त्यानं पाटी ओढली, ती पांढरी, बोटानं पुसता येणारी. लिहिलं, 'बस.' मी बसलो. मग लिहिलं, 'घरी नाही असं तूच ओरडून सांगत होतास.' आणि खांदे हलवून हसायला लागला. आवाज नाही. मला वाटलं त्याला ठसका लागला, मी नर्सला बोलवायला उठलो, तर त्यानं मनगट धरून खाली बसवलं.

खिशातून कार्ड काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून गेलो होतो, ते राहिलं बाजूला. त्यानं चिठ्ठी वाचली. कार्ड उलटं करून सही बघितली. मी सांगायला लागलो, महिनाअखेर, अहवाल, कार्डं कशी पसरायचो, नुसती तळाची ओळ कशी दिसायची. सांगताना माझं मलाच कळत होतं काय सांगतोय ते. "वाचली नाही रे मी," म्हटलं. "वर तुलाच खोटारडा म्हटलं. आईला सोडलं मी, तू नाही." आणि रडायला लागलो, त्याच्या आणि भावजयीच्या देखत.

त्यानं पाटी घेतली. हळूहळू लिहिलं.

'मला वाटलं, वाचून आला नाहीस.'

मला समजायला वेळ लागला. म्हणजे सव्वीस वर्षं तो हे समजून चालला होता, की दादाला चिठ्ठी मिळाली, दादानं वाचली, आणि दादा आला नाही. ढाल महत्त्वाची वाटली, आई नाही. म्हणून त्या दिवशी चारचौघांत तो माझ्याकडे नुसता बघत राहिला होता. आणि असं समजूनही ऑपरेशनआधीच्या आठवड्यात चारदा फोन करत होता.

त्यानं पुसून लिहिलं, 'बरं झालं सापडली.' खाली आणखी लिहिलं, 'अक्षर किती छान होतं माझं.' भावजय तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

मग मी विचारलं, "फोनवर काय सांगायचं होतं?"

'आईचं.'

"काय आईचं?"

तो लिहीत होता, पाटी भरली की मी वाचत होतो, तो पुसत होता. शेवटचे दोन दिवस तिला माणूस ओळखू येत नव्हतं. ती त्यालाच दादा समजायची. तोही मग मी झाला. माझ्यासारखा बसायचा, माझ्यासारखं बोलायचा. दोन दिवस ती दादाशी बोलत होती. सगळं बोलली. दुसऱ्या दिवशी शांत होती. दादा आलाय असं समजूनच गेली.

"काय म्हणाली मला?"

त्यानं पेन टेकवलं. एक ओळ लिहिली, वाचली, मान हलवून पुसली. दुसरी लिहिली, तीही पुसली. मग लिहिलं, 'लिहिलं की ते नुसतं वाक्य होतं. ती तसं म्हणत नव्हती. मला ते तिच्यासारखं म्हणून दाखवायचं होतं. म्हणून घाई चालली होती.'

मी म्हटलं, "असू दे. जमेल तेवढं लिही. मी रोज येतो."

त्यानं पाटी बाजूला ठेवली. मला जवळ ये अशी खूण केली. मी पलंगावर सरकलो. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला, मान जराशी डावीकडे कलती केली, आई करायची तशी, आणि ओठ हलवायला लागला. थांबत होता, पुन्हा सुरू करत होता, मधेच भुवया वर जायच्या, मधेच रागावल्यासारखा व्हायचा. गळ्यातून नुसती हवा येत होती. मी कान अगदी जवळ नेला. एक शब्द कळला नाही.

बराच वेळ तो बोलत होता. मी हात सोडला नाही. तो थांबला की मी म्हणायचो, "हो आई." पुन्हा थांबला की पुन्हा म्हणायचो, "हो आई, आलोय ना मी."